चौथ्या दालनातली खुर्ची

गल्लीत तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. सेहेचाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवून शिवून तिच्या गळपट्टीत कायम चार-सहा टाचण्या खोचलेल्या असायच्या, आणि तिला मिठी मारायची तर आधी विचारून मारावी लागायची. वय चौऱ्याहत्तर. डोळे अजून पहिल्या झटक्यात सुईत दोरा ओवणारे. गुडघे मात्र पार कामातून गेलेले.

शहराची ती तीन दिवसांची सहल खरं म्हणजे तिची नव्हतीच. मुलगा आणि सून जाणार होते. पण निघायच्या दोन दिवस आधी मुलाच्या कारखान्यातलं मोठं यंत्र बंद पडलं आणि साहेबांनी त्याची रजा रद्द केली. सून शाळेत इतिहास शिकवायची. तिला सुट्टी मिळायची ती तेवढ्याच दिवसांत.

"आईला घेऊन जा की," मुलगा म्हणाला, ढग आलेत, छत्री घेऊन जा, असं म्हणावं तसं.

स्वयंपाकघरात सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. बावीस वर्षं एका छपराखाली काढली होती दोघींनी. भांडण असं कधी झालं नव्हतं, पण गट्टीही जमली नव्हती. दोघींच्या मध्ये कायम कुणीतरी असायचं. आधी मुलगा, मग नात, आणि नात शिकायला बाहेर गेल्यावर टीव्ही. नुसत्या दोघीच, तीन दिवस, एका खोलीत, ही कल्पना दोघींनाही जडच गेली. पण नाही म्हणायला निमित्त सापडेना, आणि मुलाचं तोंड इतकं उतरलेलं होतं की दोघी एकदमच "चालेल" म्हणून बसल्या.

सुनेनं यादी केली होती. तीन दिवस, चार संग्रहालयं, दालनं किती, कुठून शिरायचं, कुठे किती मिनिटं. पहिला दिवस इतिहास संग्रहालयाचा. सून प्रत्येक कपाटापुढे उभी राहून पाटी मोठ्यानं वाचायची, अगदी वर्गात वाचावी तशी, आणि मग सासूबाईंकडे पाहायची. कळलं ना, अशा अर्थानं. मावशी मान डोलवायची. मडकी झाली, नाणी झाली, तलवारी झाल्या. तलवारी इतक्या होत्या, की त्या काळी माणसं जेवायची कधी, असा प्रश्न मावशीला पडला. पण तिनं तो विचारला नाही.

एका कोपऱ्यातल्या लहानशा कपाटापुढे मात्र तिचे पाय खिळले. हाडाची सुई. करंगळीएवढी लांब, हजारो वर्षांपूर्वीची, आणि नेढं इतकं गोल, इतकं गुळगुळीत, की तिच्या डब्यातल्या सुयांनी मान खाली घालावी. कुणीतरी गुहेत बसून हे भोक पाडलं होतं. दोरा तुटू नये म्हणून आतून घासलंही होतं.

"आई, चला ना, पुढे अजून अकरा दालनं आहेत."

"आले, आले."

ती गेली खरी, पण मागे वळून वळून बघत गेली. संध्याकाळी लॉजच्या खोलीत ती गरम पाण्यात पाय सोडून बसली, तेव्हा सून यादीवर खुणा करत होती. पाच दालनं राहून गेली होती. सुनेचा आवाज जरा चढाच होता.

"तुम्हाला कंटाळा येत असेल तर उद्या इथेच आराम करा, आई. मी एकटी जाऊन येईन."

"कंटाळा कुठला गं. तू वाचतेस ते छानच असतं. पण तू वाचायला लागलीस की मला बघायचं राहतं. एका वेळी दोन्ही नाही जमत माझ्याच्यानं."

सुनेनं यादीची वही मिटली. तिला ते लागलं की काय हे मावशीला कळेना, आणि विचारायची सवय दोघींनाही नव्हती. दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी चित्रांचं संग्रहालय. मावशीनं आपला ठेवणीतला कोट घातला. गडद निळा, गळ्यापर्यंत बंद, दोन रांगांत पितळी बटणं. स्वतःच शिवलेला. दरवाज्यात उभ्या असलेल्या रखवालदारानं तिच्या कोटाकडे आणि मग आपल्या कोटाकडे पाहिलं, आणि दोघंही हसली. रंग तोच, बटणं तीच. फक्त मावशीच्या बाहीचा मुंढा नीट बसलेला होता आणि त्याचा काखेत ओढत होता.

तीन दालनं तिनं दात-ओठ आवळून पार केली. चौथ्यात मात्र उजवा गुडघा बोलायलाच लागला. दालनात बाक नव्हता. होती ती दाराजवळची एक साधी लाकडी खुर्ची, आणि तिच्यावर बसलेला या दालनाचा रखवालदार, पन्नाशीचा, मिशाळ, झोपाळू डोळ्यांचा. मावशीचा चेहरा बघताच तो उठला.

"बसा मावशी. मी दिवसभर बसूनच असतो."

"देव तुमचं भलं करो, दादा." ती बसली आणि सुनेला म्हणाली, "तू जा. तुझ्या चालीनं बघ, मनासारखं वाच. मी इथून हलत नाही."

"नक्की?"

"अगं, हलायला गुडघा नको का?"

सून गेली. मावशीला तिच्या चालण्यात एकदम हलकेपणा दिसला, आणि तिला स्वतःलाही हायसं वाटलं. समोरच्या भिंतीवर एकच मोठं चित्र होतं, पुरुषभर उंचीचं. एक कुटुंब. उभा असलेला बाप, बसलेली आई, तीन मुली आणि पायाशी एक कुत्रं. मावशीनं पाटी वाचली नाही. नुसती बघत बसली. पहिली दहा मिनिटं तिनं फक्त कपडे पाहिले, आणि जसजशी पाहत गेली तसतशी पुढे सरकत खुर्चीच्या कडेवर आली.

तेवढ्यात शेजारच्या दालनात कर्कश घंटा वाजली. कुणीतरी कशाला तरी हात लावला असणार. रखवालदाराची झोप एका क्षणात उडाली.

"मावशी, आलोच मी. तेवढं कुणी चित्राला हात लावत नाही ना, बघा हं."

एवढं बोलून तो पळाला. सहज बोलला असेल बिचारा, पण मावशीनं आयुष्यात अंगावर घेतलेलं काम अर्धवट टाकलं नव्हतं. ती ताठ बसली, हात मांडीवर ठेवले आणि डोळ्यांत तेल घालून चित्र राखू लागली.

पहिल्यांदा एक बाई आली आणि बाथरूम कुठे आहे असं विचारून गेली. ते मावशीला माहीत होतं. नुकतीच जाऊन आली होती. जिना उतरून डावीकडे. मग एक म्हातारं जोडपं आलं. नवरा चित्रापुढे हात मागे बांधून उभा राहिला, बायको सरळ मावशीकडे आली.

"का हो, हे कोण लोक आहेत?"

आता इथे "मी इथली नाही" असं म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण गिऱ्हाइकानं विचारावं आणि आपण माहीत नाही म्हणावं, हे सेहेचाळीस वर्षांत तिनं केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर या लोकांबद्दल आता तिला बरंच काही माहीत झालं होतं.

"नावं नाही सांगता येणार," ती म्हणाली. "पण घरात ओढाताण चालू आहे, एवढं नक्की."

"ओढाताण? अहो, केवढे भारी कपडे आहेत!"

"भारीच आहेत. पण नवे नाहीत. ती धाकटी बघा. झग्याचा खालचा काठ बघा. दोन फिकट रेघा दिसतात? एकीखाली एक? ती दुमड सोडल्याची खूण. पोरगी वाढली तशी आईनं दुमड उसवली, एकदा नव्हे, दोनदा. आत दुमडलेलं कापड ऊन खात नाही, म्हणून ते सोडलं की रंग वेगळा दिसतो."

म्हातारा वळला. वाकून पाहू लागला. "खरंच की गं!" तो बायकोला म्हणाला.

"जवळ जा, पण हात नाही लावायचा हं," मावशी म्हणाली.

मागून येणारे दोघे तरुण थांबले. मग एक बाप आणि त्याच्या कडेवरची मुलगी. माणसं कुठेतरी वाकून बघताहेत म्हटल्यावर आणखी माणसं वाकायला येतातच. मावशी उभी राहिली. गुडघा दुखतोय हे त्या घटकेला गुडघ्याच्याही लक्षात नव्हतं.

"आता मधलीकडे या. तिचा झगा आणि आईचा झगा, एकच कापड. आईच्या जुन्या झग्यातून काढलाय तो. आणि कापड पुरलं नाही. डाव्या बाहीवरची फुलं बघा, खाली डोकं वर पाय! कुठलाही शिंपी आपणहून असं बेतत नाही. तुकडा एवढाच उरला होता. सरळ बेतला असता तर बाही कोपरापर्यंतच आली असती."

लोक हसले. कडेवरच्या मुलीनं फुलं बघायला मान वाकडी केली.

"आणि हा मालक?" एका तरुणानं विचारलं. "हा तर अगदी ऐटीत उभा आहे."

"ऐट याची, कोट दुसऱ्याचा."

यावर चांगलाच हशा पिकला. मावशीलाही रंग चढला. "खांद्याची शिवण बघा, दंडावर उतरलीय. बाही अंगठ्यापर्यंत आलीय, म्हणून त्यानं हात कमरेवर ठेवलाय, तेवढंच लपतं. भावाचा असेल, शेजाऱ्याचा असेल. पण मी म्हणते, हसू नका त्याला. घराचं चित्र काढून घ्यायचं तर माणूस असेल त्यातलं उत्तम घालणार. आणि बायकोकडे बघा. कमरेला दोन्ही बाजूंनी नाड्या सैल केल्यात. सातवा महिना चालू आहे. चौथं येतंय घरात, कपड्यांची ही अवस्था, आणि तरी तिची मान बघा कशी आहे. सगळ्यांना इस्त्री करून, भांग पाडून तिनं उभं केलंय. कुत्र्याचेसुद्धा केस विंचरलेत."

"म्हणजे चित्रकारानं त्यांची फजिती केली म्हणायची," म्हातारी म्हणाली.

 याचा विचार मावशीनं केला नव्हता. पुन्हा एकदा चित्राकडे बघून ती सावकाश म्हणाली, "नाही. फजिती करायची असती तर त्यानं तिची मान तशी काढली नसती. त्यानं टाका न् टाका पाहिला आणि जसा होता तसा काढला. आपल्याकडे इतकं लक्ष देऊन कुणी पाहिलं, तर आपल्याला राग येईल का?"

म्हातारी पुन्हा त्या मानेकडे बघू लागली. तेवढ्यात मावशीची नजर सगळ्यांत मागे गेली. तिथे सून उभी होती.

 सुनेच्या हातात वही होती, भुवया वर चढलेल्या होत्या, आणि परीक्षेत कॉपी पकडताना असावा तसा चेहरा होता. किती वेळ उभी होती कोण जाणे. मावशीला वाटलं, झालं. आता ही म्हणणार, आई, काय चाललंय हे, लोक काय म्हणतील.  हात नकळत गळपट्टीकडे गेला. टाचण्या आज नव्हत्या.

सुनेनं हळूच हात वर केला. वर्गातल्या मुलीसारखा, कोपर सरळ, बोटं वर.

"मला एक विचारायचंय," ती म्हणाली. "मोठ्या मुलीबद्दल तुम्ही काहीच सांगितलं नाहीत."

मावशीनं डोळे मिचकावले. मग घसा खाकरला. "मोठीचा झगा तिनं स्वतः शिवलाय," ती म्हणाली. "पहिलाच. काजं वाकडी आहेत. आणि बघ, सगळ्या घरात तीच एकटी हसतेय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. थोड्याशाच, संग्रहालयात वाजवाव्या तशा, बोटांच्या टोकांनी. नेमक्या त्याच वेळी मिशाळ रखवालदार परत आला, आणि त्याच्याबरोबर चष्मा कपाळावर चढवलेली, रंगाचे डाग पडलेला झगा घातलेली एक बाई. जुन्या चित्रांची आणि वस्त्रांची डागडुजी करणारा विभाग तिच्याकडे होता. गर्दी बघून रखवालदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"चूक माझी आहे," मावशी पुढे होऊन म्हणाली. "यांनी मला फक्त बसायला दिलं. तोंड माझंच सुटलं."

म्हाताऱ्यानं लगेच त्या बाईला काठावरच्या दोन रेघा दाखवल्या आणि मावशीनं सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. चष्मा डोळ्यांवर ओढून ती धाकटीच्या झग्याच्या काठापाशी वाकली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

"या घराबद्दल आमच्याकडे एक ओळसुद्धा नाही," ती शेवटी म्हणाली. "कागदपत्रं जळाली. पाटीवर व्यापाऱ्याचं कुटुंब लिहिलंय, तेही अंदाजानंच. तुम्ही म्हणता ते सगळं खरं असेल असं मी म्हणणार नाही."

"मीही नाही म्हणत," मावशी म्हणाली. "कोट भावाचा नसेलही. पण दुमड सोडलीय, हे खरं."

"हो, ते खरं," बाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "उद्या सकाळी वेळ आहे का तुम्हाला? तळघरात माझ्या टेबलावर एक जुना झगा आहे. दोन महिने त्याच्यापुढे बसतेय. त्याच्याबद्दल काय वाटतं ते मला ऐकायचंय."

मावशीनं सुनेकडे पाहिलं. उद्या यादीत दोन संग्रहालयं होती. सुनेनं वही उघडली, त्या पानावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाली, "वेळ आहे."

त्या संध्याकाळी दोघी एका कोपऱ्यावरच्या खानावळीत खिडकीशी बसल्या. गरम सूप आलं, पाव आला. सून सूप ढवळता ढवळता एकदम हसायलाच लागली, चमचा खाली ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"डोकं खाली, पाय वर!" ती म्हणाली. "आई, तो म्हातारा वाकला तेव्हा मला वाटलं आता तो चित्रातच पडतोय."

"मला वाटलं तू रागावलीस."

"रागावले होते ना. स्वतःवर. ती पाटी मी आल्या आल्या वाचली होती. व्यापाऱ्याचं कुटुंब, अमुक साल. वाचली आणि पुढे गेले. मी शाळेत वीस वर्षं हेच शिकवतेय हो. सालं पाठ करा."

"साल लागतंच की गं. ते कुठल्या काळातले हे तूच सांगणार ना मला. मला काय कळतंय त्यातलं?"

मग सुनेनं सांगितलं. त्या काळात कापड कुठून यायचं, किती महाग असायचं, एका झग्यासाठी एखादं घर किती थांबायचं. मावशी सूप गार होईपर्यंत ऐकत राहिली. पाट्या वाचणारी सून आणि ही सून एकच, हे तिला खरंही वाटेना. ही मध्येच थांबायची, आठवायची, चुकायची, हात नाचवायची. वर्गातली मुलं नशीबवान आहेत, असं मावशीच्या मनात आलं, आणि या खेपेला तिनं ते बोलूनही दाखवलं. सून लाजली. चाळिशी उलटलेली बाई, पण कानापर्यंत लाल झाली.

तिसऱ्या दिवशी तळघरात त्यांना पांढरे हातमोजे मिळाले. टेबलावर तपकिरी रेशमाचा झगा पसरलेला होता, इतका जीर्ण की मावशीनं नकळत श्वास रोखला. सुई लावायची नव्हती, ओढायचं नव्हतं, फक्त बघायचं. बाईची अडचण अशी होती, की झग्यावरची सगळी हातशिलाई तिला कुठेतरी खटकत होती, पण काय खटकतंय ते सापडत नव्हतं. दुरुस्तीचे टाके घालायला घेतले की ते जुन्या टाक्यांशी मिळत नव्हते.

मावशीनं भिंग घेतलं आणि अस्तराच्या बाजूनं शिवण पाहायला सुरुवात केली. अर्धा तास गेला, पाऊण गेला. सून शेजारी दिवा धरून उभी होती. मावशीनं मग हवेतच हात चालवून पाहिला, एकदा उजवा, एकदा डावा.

"डावखुरी होती," ती म्हणाली.

"कोण?"

"जिनं शिवलंय ती. टाका उलट्या अंगानं कलतोय. तुम्ही उजव्या हातानं त्याच्याशी जुळवायला जाता, कसा जुळणार? एखाद्या डावखुऱ्या पोरीला बसवा इथे."

बाई बघतच राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला, शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीला हाक मारली, आणि ती सहकारीण कात्री डाव्या हातात धरूनच वळली. तिघी-चौघी एकदम हसल्या, तळघर दुमदुमलं. झग्याच्या नोंदीच्या कागदावर बाईनं तिथल्या तिथे लिहिलं: शिवणारी बहुधा डावखुरी. आणि त्याखाली, निरीक्षण कुणाचं, या रकान्यात मावशीचं पूर्ण नाव. मावशीनं ते दोनदा वाचलं. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांच्या अंगावर जे चढवलं, त्यावर तिचं नाव कुठेच नव्हतं, आणि असावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. पण दिसलं तेव्हा बरं वाटलं, हे मात्र खरं.

परतीच्या गाडीत खिडकीची जागा सुनेनं सासूला दिली. बाहेर शहर संपत आलं होतं. बराच वेळ कुणी बोललं नाही, पण हे गप्प बसणं घरातल्यासारखं अवघड नव्हतं.

"आई," सून मध्येच म्हणाली, "माझ्याकडे बघून तुम्हाला काय दिसतं?"

"काय म्हणजे?"

"त्या चित्रातल्या लोकांसारखं. सांगा ना. वाईट नाही वाटणार मला."

मावशी जरा घुटमळली. "तुझा उजवा खांदा खाली आहे," ती म्हणाली. "अर्धा इंच. लग्नात नव्हता. शाळेत लागल्यावर दोन वर्षांनी उतरायला लागला, वह्यांच्या ओझ्यानं."

सुनेनं खांद्याला हात लावला. "मला कधीच नाही दिसलं. आरशातसुद्धा नाही."

"कसं दिसेल? तुझ्या सगळ्या कपड्यांत त्या बाजूला मी आतून एक घडी जास्त घालते. एवढीशी. अठरा वर्षं झाली."

सून तिच्याकडे बघत राहिली. मग अंगातल्या जाकिटात आतून हात घालून तिनं चाचपलं. डावा खांदा, मग उजवा. तिथे ती घडी होती, मऊ, बारीक टाक्यांनी नीट बसवलेली.

"आणि तुम्ही बोलला नाहीत कधी?"

"काय बोलायचं त्यात? कपडा नीट बसला की झालं."

सुनेनं हात काही लगेच बाहेर काढला नाही. गाडी एका लहान स्टेशनावर थांबली, चार माणसं उतरली, सहा चढली. तिनं वही काढली, कोरं पान उघडलं आणि मोठ्या सुट्टीची तारीख वर लिहिली.

"त्या शहरात आपली पाच दालनं राहिलीत," ती म्हणाली. "पण या वेळी दिवसाला एकच. आणि पाटी मी नंतर वाचणार. आधी तुम्ही सांगायचं."

"चालेल," मावशी म्हणाली. "पण तलवारी नकोत हं, बाई."